साडेतेरा इंचांची दुनळी

नाना, तुमच्या पाच दुनळी बंदुकांपैकी चार इंदूवहिनींनी विकायला काढल्या. पाचवी काढली नाही. ती कोणती हे तुम्हांला सांगायला नको. तिच्यावरून घरात काय काय झाले असेल याचाही तुम्ही अंदाज केला असेल. शेवट काय झाला ते मात्र तुम्हांला ठाऊक नाही. ते कळवण्यासाठी हे लिहितो आहे.

तुमच्या निधनाची बातमी आमच्या पेपरात मीच केली. नाव, खाते, मूळ गाव आणि मागे कोण, एवढे चार ओळींत बसले. 'जुन्या बंदुकांचे जाणकार' असे मी पुढे जोडले होते; ते जागेअभावी गेले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बरं झालं काढलं ते. जाणकार होतो याला पुरावा काय?"

हा मजकूर तुमच्याखेरीज इतरांच्याही हाती पडेल, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. तुम्ही खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये अप्रेझर होता. बोटीतून उतरलेला माल कशाचा, कुठला आणि कोणत्या प्रतीचा हे ठरवणे तुमचे काम. रविवारी बालीगंजच्या घरात सतरंजीवर जुन्या विलायती दुनळी बंदुका मांडून बसणे हा तुमचा छंद. आयुष्यात तुम्ही एकही काडतूस झाडले नाही. गोदीतले लोक विचारत, "सबनीसबाबू, शिकारीला कधी?" तुम्ही सांगत असा, "माझं नातं बंदुकीशी आहे. बार उडवण्याशी नाही."

मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही माझ्या हातात चहाच्या आधी नळ्यांची जोडी दिलीत. खिडकीकडे धरून आत बघा म्हणालात. आत उजेडाची कडी दिसत होती, एकात एक, दूरवर गेलेली.

"कडी गोल आहेत की चेपलेली?"

"गोल."

"मग नळीला कधी मार बसलेला नाही. आता ती बोटावर टांगा आणि टिचकी मारा."

मी टिचकी मारली. देवघरातल्या घंटेसारखा आवाज आला आणि बराच वेळ राहिला. दोन नळ्यांमधला जोड सुटला असेल तर आवाज फुटक्या मडक्यासारखा येतो, हे तुम्ही नंतर सांगितलेत. आतून वहिनींचा आवाज आला, "देवाला कुणी हाक मारली, की पुन्हा बंदूकच?"

पण तुमची खरी विद्या नळीची नव्हती, दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाची होती. साहेब लोक बंदूक करवून घेत ती अंगरखा शिवावा तशी. हात किती लांब, मान किती उंच, खांदा किती रुंद, कोणता डोळा तेज, हे सगळे मापून अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता कोरला जाई. मालक मेला, घराणे बुडाले, कारखान्याची दप्तरे युद्धात जळाली, तरी दस्त्यात त्या माणसाचे माप राहते, असे तुम्ही म्हणत असा. गोदीतही तुम्ही हेच करत होता. "कागद गिऱ्हाईक पाहून बोलतो. मालाला तेवढी अक्कल नसते," हे तुमचे वाक्य मी दोनदा अग्रलेखात चोरले आहे.

मग आपला रविवारचा खेळ सुरू झाला. तुम्ही बंदूक खांद्याला लावायची, डोळे मिटायचे आणि मालकाचे वर्णन करायचे. मी उलटतपासणी घ्यायची.

"उंच माणूस. मान बगळ्यासारखी. आणि डावरा."

"डावरा कशावरून?"

"दस्ता माझ्या गालात घुसतोय. उलट्या बाजूला वाकवलेला आहे."

"मिशा होत्या का?"

"थट्टा नको, संपादक."

"उपसंपादक."

"घ्या की बढती. तुमचा मालक तर देत नाही."

ती पाचवी बंदूक, आपली 'धाकटी', तुमच्या घरी आली ती स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या थंडीत. चहाच्या मळ्यांवरचे साहेब विलायतेला परतत होते आणि त्यांचे संसार रसेल स्ट्रीटवरच्या लिलावघरांत येऊन पडत होते. तुमची तिथली रीत मला आधी समजली नाही. बंदुकीकडे तुम्ही ढुंकूनही पाहिले नाहीत. तिच्या शेजारी जस्ताचा एक भला मोठा न्हाणीचा टब होता, त्याच्याभोवती तुम्ही दोन फेऱ्या घातल्या, वाकून बूड पाहिलेत, काठावरून बोट फिरवलेत. बंदुकीकडे पाहिले की इतर गिऱ्हाइके सावध होतात, हे तुमचे तर्कशास्त्र. ते अचूक होते. बंदुकीला कोणी विचारले नाही. पण टब आणि बंदूक एकाच लॉटमध्ये आहेत हे हातोडा पडल्यावर कळले, आणि टबही न्यावा लागला.

दोन हमालांनी तो बालीगंजला जिन्यातून वर चढवला. वहिनी दारात उभ्या होत्या.

"हे काय?"

"बंदूक," तुम्ही म्हणालात.

"आणि हा बंदुकीचा डबा वाटतं?"

त्या टबात वहिनींनी गच्चीवर अळू लावला. तुमच्या संग्रहातली खाण्यालायक वस्तू तेवढी एकच, असे त्या पाहुण्यांना सांगत.

बंदूक वीस बोअरची होती. म्हणजे नळ्या नेहमीच्या बारा बोअरच्या बंदुकीपेक्षा बारीक, वजन हलके, बाहेर दोन नाजूक घोडे, चाप ओढला की आपटणारे. दस्त्याची लांबी चापापासून टोकापर्यंत साडेतेरा इंच. मोठ्या माणसाला एवढा दस्ता तोकडा पडतो. तुम्ही ती खांद्याला लावलीत तेव्हा सदऱ्याच्या बाह्या आखूड झालेल्या मुलासारखे दिसलात. डोळे मिटलेत आणि निकाल दिलात, "मुलगा. तेरा-चौदा वर्षांचा. बापाने हौसेने करवून घेतलेली. कुठला तरी राजकुमार."

मी म्हणालो, "किंवा ठेंगणा माणूस."

"ठेंगण्या माणसाची छाती रुंद असते. ही अरुंद अंगाच्या माणसासाठी आहे."

"एका पुराव्यावर आम्ही बातमी छापत नाही."

"मग दुसरा शोधू."

धर्मतल्ल्यावर बंदुकांचे दुकान असलेले हालदारबाबू तुमचे मित्र. त्यांनीही ती हातात तोलली, खांद्याला लावली आणि मान डोलावली. "मुलाचीच, मोशाय." दोन स्वतंत्र पुरावे झाले. दोघेही मिशीवाले होते, याकडे आपण लक्ष दिले नाही.

लिलावघरातल्या एका ओळखीच्या माणसाकडून समजले की मळेवाल्या साहेबाला ती बंदूक शेजारच्या जमीनदाराकडून भेट मिळाली होती. त्या घराण्याचे एक वाडवडिलार्जित घर भवानीपूरमध्ये होते. आपण गेलो. घराण्याचे कुमार भेटले. कुमार म्हणजे सत्तरीचे गृहस्थ, चांगलेच स्थूल. त्यांनी आपल्याला आरामखुर्च्यांत बसवले, संदेश नावाची मिठाई खाऊ घातली आणि तुमचा प्रश्न नीट ऐकून घेतला.

"लहानपणी तुमच्यासाठी वडिलांनी छोटी बंदूक करवून घेतली होती का?"

"माझ्यासाठी? मोशाय, मला तर फटाक्याची भीती वाटायची. अजून वाटते. काळीपूजेला मी कानात कापूस घालून बसतो."

"मग तुमच्या एखाद्या भावासाठी?"

"भाऊ नाहीच मला. एक थोरली बहीण होती. ती फार धीट. झाडावर चढायची, घोड्यावर बसायची, वडिलांबरोबर रानात जायची. घ्या, आणखी एक संदेश घ्या."

तुम्ही आणि मी संदेश खाल्ला आणि म्हातारा मूळ विषयाकडे कधी वळतो याची सभ्यपणे वाट पाहिली. तो वळला नाही. परतताना ट्रॅममध्ये तुम्ही म्हणालात, "माहिती काही मिळाली नाही. गृहस्थ मात्र छान."

घरी आल्यावर तुम्ही ही फेरी वहिनींना रंगवून सांगितलीत. कानातला कापूस, आरामखुर्च्या, संदेश. ओघात बहीणही सांगितलीत. वहिनी सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला.

"तिची उंची केवढी होती?"

"कुणाची?"

"त्या बहिणीची."

"तिचा काय संबंध?"

वहिनी उठल्या, हात पुसले आणि सतरंजीवरची धाकटी उचलली. वीस वर्षांच्या संसारात त्यांनी तुमच्या बंदुकीला हात लावलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला, आणि तुमच्या चेहऱ्यावरून तुम्हीही. त्यांनी ती खांद्याला लावली. लावावी लागलीच नाही. ती तिथे जाऊन बसली. गाल आपोआप दस्त्यावर टेकला आणि डोळा नळ्यांच्या रेषेत आला.

"ही बाईची आहे," वहिनी म्हणाल्या.

"बायका कुठे बंदुका करवून घेत होत्या?"

"हा खालचा कोपरा बघा. तुमच्या बाकीच्या चारही बंदुकांचा कोपरा सरळ आहे. हिचा बाहेर वळवलाय. का?"

"का?"

"छातीला रुतू नये म्हणून. मुलाला काय करायचंय ते? पोलक्याला आम्ही चुण्या घालतो, तुमच्या सदऱ्याला घालतो का?"

तुम्ही कोपऱ्यावरून बोट फिरवलेत. मग म्हणालात, "नंतर कुणीतरी तासला असेल तो कोपरा."

"मग उघडून बघा."

दस्त्याच्या टोकाला शिंगाची पट्टी होती, दोन स्क्रूंनी बसवलेली. ती काढली असती तर खालच्या लाकडावरून लगेच कळले असते. पण जुन्या बंदुकीचा स्क्रू फिरवायचा नाही हा तुमचा धर्म. खाचेला नवा ओरखडा पडला की बंदूक खोटी झाली, असे तुम्ही मानत असा. त्या धर्माच्या आड तुम्ही दोन हिवाळे बसलात. आणि वाद चालू राहिला. जेवताना, ट्रॅममध्ये, मराठी मंडळाच्या गणपतीत. सुधाला, तुमच्या मुलीला, तो इतका पाठ झाला होता की पाहुण्यांना ती आपल्या बंगाली वळणाच्या मराठीत सांगे, "बाबा बोलतात मुलाची, आई बोलते बाईची. दोघं चहा खातात आणि झगडा करतात."

आज कबूल करायला हरकत नाही की त्या वादासाठी मी रविवारी येत होतो. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची भांडणे छापून झाल्यावर असे भांडण ऐकणे ही चैन होती. त्यात कोणाचे काही बुडत नव्हते. तुम्ही पुरावा मागत होता, वहिनी देत होत्या, तुम्ही तो नाकारत होता, आणि मध्ये अळूवडी येत होती.

शेवटच्या रविवारी तुमचा आवाज नेहमीपेक्षा चढला होता. "बायकांच्या हातात बंदुका! उद्या म्हणाल साहेबाच्या मडमेनं रेल्वे चालवली!" वहिनींनी तुमच्या पानात आणखी एक वडी वाढली आणि म्हणाल्या, "चालवलीही असेल. तुम्ही स्क्रू फिरवला असता तर कळलं असतं."

दिवाळीला आठवडा राहिला होता. गुरुवारी तुम्ही गोदीतल्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेलात. समोर कसली तरी उघडलेली पेटी होती. तुम्ही तिच्यातल्या मालाबद्दल मत दिलेले नव्हते. ते दुसऱ्या कोणालातरी द्यावे लागले असेल.

परवानाधारक गेला की त्याच्या बंदुका घरात राहू शकत नाहीत. पाचही हालदारबाबूंच्या दुकानात जमा झाल्या. पोचवायला मी गेलो होतो. हालदारबाबूंनी धाकटी वेगळी ठेवली, तिच्यावरून फडके फिरवले आणि विचारले, "बौदिंना त्यांनी सांगितलं की नाही?" बौदि म्हणजे वहिनी.

"काय?"

मग ते कळले. जाण्याच्या पंधरवडाभर आधी तुम्ही एकटेच धाकटी घेऊन त्यांच्याकडे आला होता. स्क्रू फिरवा म्हणालात, आणि ते फिरवत असताना तोंड वळवून रस्त्याकडे बघत उभे राहिलात. पट्टी निघाली. खालचे लाकूड आणि पट्टी एकाच वेळी, एकाच हाताने त्या वळणात कापलेली होती. कोपरा कोणी नंतर तासलेला नव्हता. बंदूक बाईसाठीच घडवली होती.

"मी म्हटलं, आता घरी जाऊन सांगा," हालदारबाबू म्हणाले. "तर म्हणाले, नाही, पाडव्याला सांगीन. आमच्यात त्या दिवशी बायको ओवाळते, तिला काहीतरी द्यावं लागतं. साडी दर वर्षी देतो. या वर्षी कबुली देतो. मी म्हटलं, मोशाय, साडी स्वस्त पडली असती."

म्हणजे शेवटच्या दोन रविवारी तुम्ही जे तावातावाने भांडत होता ते सोंग होते. नाना, सोंग चांगले वठले. माझ्यासारख्या संशयी माणसालाही कळले नाही.

पाडवा आला आणि गेला. मी काही बोललो नाही. तो दिवस बोलण्यासारखा नव्हता. नागपूरहून तुमचे धाकटे बंधू भाऊसाहेब आले होते. माणूस प्रेमळ, पण हिशेबी. तेराव्यानंतर त्यांनी विषय काढला.

"वहिनी, त्या बंदुका विकून टाकू. पाचही. दुकानदाराकडे गिऱ्हाईक आहे म्हणतात."

"चार विका, भाऊजी."

"एक कशाला ठेवायची? घरात बाई एकटी, एक मुलगी. लोक काय म्हणतील?"

"इथले लोक बंगालीत म्हणतील. तुम्हांला कळायचं नाही."

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. "अहो, तुम्ही तरी समजावा. वर्तमानपत्रात आहात."

मी समजावले नाही. हालदारबाबूंनी सांगितलेले मी जसेच्या तसे सांगितले. पट्टी, लाकूड, पाडवा. वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ठाऊक असून माझ्याशी भांडत होते?"

"हो."

"त्या रेल्वेच्या मडमेसकट?"

"हो."

आणि त्या हसल्या. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. हसता हसता पदर डोळ्यांना लावला, पण हसणे थांबले नाही. भाऊसाहेब गोंधळून कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे पाहत राहिले. ही बातमी तुमच्या तोंडून यायला हवी होती, नाना. मी ती बरोबर सांगितली, पण गोड सांगता आली नाही. आमच्या धंद्यात ते शिकवत नाहीत.

धाकटीला खरे भय भाऊसाहेबांचे नव्हते. हालदारबाबूंकडे एक हौशी शिकारी येऊन गेला होता. त्याला बारीक नळ्यांची, हलकी बंदूक हवी होती. दस्ता तोकडा आहे म्हटल्यावर तो म्हणाला होता, त्यात काय, मागे दीड इंच लाकूड जोडून घेऊ, आणि तो वाकडा कोपरा कापून सरळ करू. वहिनींच्या नावाने परवाना झाला नाही तर बंदूक त्याच्याकडे जाणार. मग ती बाई, कोण असेल ती, बंदुकीतूनही गेली असती.

म्हणून आम्ही परवान्याच्या कचेरीत गेलो. साहेब वयस्क बंगाली गृहस्थ होते, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, टेबलावर डबा. त्यांनी वहिनींना बसायला सांगितले.

"बंदूक कशासाठी हवी, दिदी? स्वसंरक्षण?"

"नाही."

"शिकार? पिकांची राखण?"

"गच्चीवर अळू आहे. त्याला राखण लागत नाही."

साहेबांनी चष्मा वर केला. "मग?"

"ती माझ्या मापाची आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले.

"चालवता येते?"

"नाही. यांनाही येत नव्हती."

"मग पाच कशाला होत्या?"

"हे मी वीस वर्षं विचारत होते."

साहेब मोठ्याने हसले, पण कागद त्यांनी बाजूला सारला. "दिदी, ज्याला बंदूक चालवता येत नाही त्याला परवाना दिला तर उद्या माझ्या जिवाला घोर. आधी शिका. हालदारबाबूंनी खात्री दिली, तर मी सही करीन. नाही तर विका."

वहिनींनी जिना उतरताना एवढेच विचारले, "फार जोरात मारते का हो खांद्याला?" मी सांगितले की मला माहीत नाही. नाना, पाच दुनळ्यांच्या संगतीत एवढे रविवार घालवून आपल्या दोघांपैकी एकालाही या साध्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नव्हते.

हालदारबाबूंची सोनारपूरजवळ थोडी शेती आहे. भात कापून झाले होते. रविवारी सकाळी वहिनींनी आणि मी बालीगंज स्टेशनवर गाडी धरली. हालदारबाबू आणि त्यांचे सामान सियालदहहून त्याच गाडीने आले होते. धाकटीची चामड्याची पेटी त्यांनी वहिनींच्या मांडीवर दिली. समोरच्या बाकावर भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन परतणारे एक म्हातारे होते. ते पेटीकडे बराच वेळ पाहत होते.

"एस्राज का, मा?" त्यांनी विचारले. एस्राज म्हणजे इकडचे गजाने वाजवायचे वाद्य.

"तसंच काहीसं," वहिनी म्हणाल्या.

"चांगलं वाजवता?"

"आज पहिल्यांदाच."

म्हाताऱ्यांनी हात उचलून आशीर्वाद दिला.

शेताच्या कडेला तळे होते आणि तळ्याच्या अलीकडे हालदारबाबूंनी बांबूवर खजुराच्या रसाचे एक चिरलेले मडके उपडे घातले. नळ्या त्यांनी आधीच तपासून घेतल्या होत्या. त्यांना झेपतील अशी हलकी काडतुसे मुद्दाम आणली होती. वहिनींनी पदर कमरेला खोचला.

"चाप दोन का?"

"दोन नळ्या, दोन चाप. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डावीचा. एक चुकला तर दुसरा आहे."

"यांना एवढंही कधी सांगता आलं नाही," वहिनी म्हणाल्या, आणि बंदूक खांद्याला लावली.

पहिला बार आकाशात गेला. तळ्यावरचे सगळे बगळे उठले. मडके जागच्या जागी होते. वहिनी पाय रोवून तशाच उभ्या राहिल्या, बंदूक खाली केली नाही, डोळे मिटले नाहीत, आणि मागचा चाप ओढला. मडक्याच्या खापऱ्या चिखलात पडल्या.

हालदारबाबूंनी धावत जाऊन नळ्या उघडल्या. "बौदि, लागलं का? खरं सांगा. लागत असेल तर मी खात्री देणार नाही."

वहिनींनी खांदा चाचपला, मग छातीची बाजू. काळजीपूर्वक, एखादी शिवण तपासावी तशी.

"कुठेच नाही."

मी म्हणालो की पुरुषाचीही साक्ष व्हावी. हालदारबाबूंनी नवे मडके घातले आणि बंदूक माझ्या हातात दिली. मी ती लावली, नेम धरला आणि चाप ओढला. दस्ता तोकडा, त्यामुळे मुठीवरचा माझाच अंगठा झटक्याने माझ्या नाकावर आला. डोळ्यांत पाणी, नाकातून रक्त. मडके शाबूत. हालदारबाबू बांधावर बसून हसत होते. वहिनींनी आपला रुमाल मला दिला आणि म्हणाल्या, "डोकं वर करून धरा. आज हे असते तर किती खूश झाले असते."

कोणत्या कारणाने तुम्ही खूश झाला असता, ते त्यांनी सांगितले नाही. परतीच्या गाडीत त्या खिडकीपाशी बसल्या होत्या आणि पेटीवर हात ठेवून बाहेर बघत होत्या.

भवानीपूरच्या कुमारांना मी नंतर एकदा भेटलो. बहिणीची उंची विचारली. ते म्हणाले, बेताचीच होती, पण माझ्या आठवणीत ती नेहमी झाडावर असल्यामुळे नक्की सांगता येत नाही. तेव्हा बंदूक तिचीच होती असे मी छापणार नाही. एका बाईची होती, एवढे छापतो.

परवाना परवा झाला. साहेबांनी सही केली आणि दिदींनी मडके कितव्या बाराला फोडले ते मला विचारून घेतले. दुसऱ्याला म्हटल्यावर म्हणाले, "मी पाचव्याला." हालदारबाबूंनी धाकटी स्वतः बालीगंजला आणून दिली. स्क्रूच्या खाचेवर एक बारीक नवा ओरखडा आहे. त्यांनी तो घासून काढू का म्हणून विचारले. वहिनींनी खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि राहू द्या म्हणाल्या.

भाऊसाहेबांना त्यांनी नागपूरला कळवले आहे. काय कळवले ते मला माहीत नाही. सुधा म्हणते, आई एकटीच हसत लिहीत होती.

पुढच्या रविवारी त्या पुन्हा सोनारपूरला जाणार आहेत. काडतुसे त्यांनी स्वतः धर्मतल्ल्यावर जाऊन, परवाना दाखवून आणली. काल संध्याकाळी मी गेलो तर ती मोजून डब्यात भरत होत्या. मी काही मदत करू का, विचारले.

"तुम्ही बंदुकीला हात लावू नका," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही मडकी आणा. बरीच आणा."